छायाचित्राचे अर्कचित्र

भिलाईच्या नेहरू नगरात एखाद्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभास त्याच्या छायाचित्रावरून संगणकाने केलेले व्यंगचित्र भेट द्यावयाचे ठरले, तर ते घटकाभरात सिद्ध होते. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपसारख्या साधनाने चेहऱ्यावरील असंख्य छटा मोजक्या रंगांत बसविता येतात. उजेड-अंधार जेथे एकदम बदलतो तेथे काळी रेघ उमटते. चित्र नेटके दिसते. परंतु त्यास व्यंगचित्र म्हणावे काय?

आमच्या मते, नाही. या यंत्रास चष्म्याची कड आणि भिवईतला ताठा सारखाच. वसंत सरवटे (१९२७–२०१६) पेशाने अभियंते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीस. पण मराठी साहित्यिकांची अर्कचित्रे रेखाटताना काय ठेवावयाचे, काय फुगवावयाचे आणि काय गाळावयाचे, याचा निवाडा ते स्वतः करीत. अर्क काढणे म्हणजे हेच. तो निवाडा माणूस ओळखणाराच करू जाणे.

साधन त्याज्य नव्हे. यंत्राने काढलेल्या रेघांतील चार पुसाव्या, एखादी हाताने वाढवावी. बदलीच्या गावी भिंतीवर राहावयाची ती मित्राच्या मुद्रेची नक्कल नव्हे, त्याच्या स्वभावाची खूण होय.