थंड धूर

आपल्याकडं समीक्षा म्हणजे कविता-कादंबरीची. गल्लीच्या तोंडावरच्या जाहिरातीची समीक्षा कुणी करत नाही. पण आपल्या वस्तीत पुस्तकापेक्षा जास्त वाचला जातो तो फलकच. म्हणून आज एका अमेरिकन सिगारेटची समीक्षा करतोय. ‘कूल’ तिचं नाव.

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. तिथल्या काळ्या वस्त्यांतली आग आपण वाचली. त्याच वस्त्यांत धूर कोण विकत होतं, ते वाचायचं राहून गेलं.

ब्राउन अँड विल्यमसन कंपनीनं ‘कूल’ १९३३ साली बाजारात आणली. तंबाखूत मेन्थॉल, म्हणजे आपलं पेपरमिंटचं फूल. जाहिरातीत पेंग्विन. घसा खवखवतोय, सर्दी झालीय? मग ही ओढा. दुखणं देणाऱ्यानंच औषध विकायचं! मेन्थॉलनं घशाला गार वाटतं, धूर बोचत नाही. शरीर ‘नको’ म्हणून ओरडतं, तो आवाजच बधिर होतो. नवख्याला ओढणं सोपं, जुन्याला सोडणं अवघड.

१९५० च्या दशकात सिगारेट ओढणाऱ्या काळ्यांत मेन्थॉलवाले शंभरात दहासुद्धा नव्हते. आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. हे काय आपोआप झालं? ‘एबनी’सारख्या काळ्यांच्या मासिकांत पानंच्या पानं जाहिराती आल्या. १९७१ च्या जानेवारीत रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्यावर मासिकं आणि वस्तीतले फलक हाच बाजार उरला. गाड्या फिरवून फुकट सिगारेटी वाटल्या. जॅझ ही काळ्यांच्या दुःखातून आलेली कला. १९८१ मध्ये न्यूपोर्ट जॅझ महोत्सवालाच ‘कूल’चं नाव चिकटलं. तंबाखूचा पैसा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांपर्यंतही पोचला.

दोस्तहो, खरी गोम इथं आहे. गोऱ्यांच्या जाहिरातीत काळा माणूस दिसायचा तो स्वयंपाकी नाहीतर हमाल म्हणून. आणि इथं तो देखणा, ताठ मानेचा. ज्याला कुणी कधी आरसाच दाखवला नाही, त्याला आपलं तोंड असं दिसलं तर तो हुरळणारच. मी त्याला हसणार नाही. मीही हुरळलो असतो. पण आरशाचं बिल फुप्फुसाच्या नावानं फाडलेलं होतं. त्याला माणूस म्हणून कुणी बोलावलं नव्हतं, गिऱ्हाईक म्हणून बोलावलं होतं.

ही जाहिरात नाकारणारे वाचकही तिथंच निघाले. १९९० मध्ये आर. जे. रेनॉल्ड्सनं खास काळ्यांसाठी ‘अपटाउन’ नावाची मेन्थॉल सिगारेट फिलाडेल्फियात काढायचं ठरवलं. काळी माणसं, चर्चवाले, डॉक्टर एकत्र आले. देशाचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, स्वतः काळे, जाहीर बोलले. बाजारात यायच्या आधीच कंपनीनं माल गुंडाळला. याला मी समीक्षा म्हणतो.

पण व्यवस्था चिवट आहे. २००९ च्या कायद्यानं सिगारेटमधले फळामिठाईचे स्वाद बंद केले, मेन्थॉल तेवढं सोडलं. २०२२ मध्ये त्याच्या बंदीचा प्रस्ताव आला. बंदीच्या नावाखाली पोलिसांना काळ्या पोरांना छळायला आणखी एक निमित्त मिळेल, असा आक्षेप निघाला. ही भीती खोटी नाही. तिच्या आडोशाला कंपन्या उभ्या राहिल्या, हेही खोटं नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागं घेतला गेला.

आता आपलं. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या कमानीचा खर्च एका पानमसालेवाल्यानं उचलला. वर बाबासाहेब, खाली पुडी. वर्गणी गोळा करायला पायपीट नको म्हणून मीच मान डोलावली होती. कमान झकास दिसत होती. माझ्या आईनं आयुष्यभर बिड्या वळल्या. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरली. ती कमानीखाली थांबली, वर बघितलं आणि विचारलं, “ही पुडी कुणी लावली रे?”

मी गप्प राहिलो. या वर्षी वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरतोय. कमान लहान होईल. होऊ दे.