भूकंपाचा तक्ता : कोणत्या घरासाठी?

पुष्कळ शाळांच्या व्हरांड्यात ‘भूकंप : काय करावे, काय करू नये’ असा रंगीत तक्ता टांगलेला आढळतो. टेबलाखाली बसा, दाराच्या चौकटीत उभे राहा, वीज व गॅस बंद करा, मोकळ्या जागी जा, असा त्याचा मजकूर. ह्यातील प्रत्येक सूचनेमागे कुठला ना कुठला अनुभव आहे. पण तो कोणत्या घराचा, हे तक्ता सांगत नाही. मुख्य आक्षेप इथेच आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. त्याची महत्ता सुमारे ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठी नव्हे. तरीही आठ ते दहा हजार माणसे दगावली. तेथील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट जाड. आत एक पदर, बाहेर एक पदर, मध्ये गोटे आणि चिखल. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि दगड झोपलेल्यांवर आले. माळवदावरची फूट-दोन फूट माती वरून. पुष्कळ ठिकाणी खणांचे लाकडी खांब उभे राहिले, भिंती तेवढ्या गेल्या. अशा घरात भिंतीत बसवलेल्या चौकटीचा आधार तो काय? कॅलिफोर्नियातील तज्ज्ञांनीसुद्धा चौकटीचा सल्ला केव्हाच सोडून दिला आहे. आपल्या तक्त्यांवर मात्र तो अजून भेटतो.

टेबलाची सूचना योग्य आहे, पण ती काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीसाठी. तेथे स्लॅब टिकते. इजा होते ती पंखा, गिलावा, काचा आणि कपाटे पडून. बाकाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरणे, ही सवय शाळेने जरूर लावावी.

गॅस बंद करण्याचे काय? भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी सुमारे ३.५ किलोमीटर. जास्त नुकसान करणारी हालचाल दुसरीबरोबर येते. नाभी १० किलोमीटरवर असेल तर दोन्हींत अंतर पडते जेमतेम सव्वा सेकंदाचे; १०० किलोमीटरवर बारा सेकंदांचे. हे गणित वर्गात फळ्यावर करून घ्यावे. किल्लारीची नाभी उथळ होती, म्हणजे गावाखालून आलेल्या भूकंपात उठून बसायलाही वेळ नव्हता. गॅस आणि वीज ही धक्का थांबल्यानंतरची कामे. तक्त्यात ती ‘भूकंप चालू असताना’ ह्या रकान्यात का बसवली आहेत, कळत नाही. तडे गेलेल्या घरात पुन्हा शिरू नये, कारण मागाहूनचे धक्के येतात, ही महत्त्वाची सूचना मात्र तळाशी बारीक अक्षरांत!

‘भूकंपापूर्वी’चा रकाना तर सर्वांत आखूड. टॉर्च, रेडिओ, पाण्याची बाटली. भिंतीचे नावही नाही. वस्तुतः जगणे-मरणे बरेचसे तेथेच ठरते. दगडी भिंतीत आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवणे, माळवदावरची माती कमी करणे, ही गावच्या गवंड्याला जमणारी कामे आहेत. आमचा भाग धोक्याचा नाही, असे म्हणून ती टाळता येत नाहीत. १९९३ साली किल्लारी भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होते. २००२च्या सुधारणेत तो विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

उरली ‘मोकळी जागा’. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक त्याखाली गेले. ती मुले घराबाहेरच होती. तेव्हा मोकळी जागा म्हणजे काय, हे तक्त्याने मापाने सांगायला हवे : जवळच्या भिंतीपासून निदान तिच्या उंचीइतके दूर, डोक्यावर विजेच्या तारा नाहीत अशी जागा. सावलीवरून उंची काढण्याचा प्रयोग मुलांना येतोच. शाळेची इमारत, कुंपणाची भिंत आणि फाटकाबाहेरची गल्ली त्यांच्याकडूनच मोजून घ्यावी, आणि मैदानात ती रेघ चुन्याने आखावी.