छावणी, पत आणि भाषा : निर्वासितांच्या वस्तीविषयीच्या एका उपपत्तीचे परीक्षण

निर्वासित विशिष्ट वस्त्यांतच एकत्र का राहतात, या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. समान भाषा बोलणारे स्वभावतःच जवळ येतात, हे ते उत्तर होय. पार्क व बर्जेस यांच्या ‘द सिटी’ (१९२५) या ग्रंथाने शिकागोतील स्थलांतरितांच्या वसाहतींना नगराच्या वाढीतील स्वाभाविक टप्पा मानले. नवागत स्थिरावला की वसाहत सोडतो, असाही त्या विवेचनाचा रोख आहे. महाराष्ट्रातील सिंधी निर्वासितांचे उदाहरण मात्र ही उपपत्ती जशीच्या तशी स्वीकारू देत नाही.

प्रथम नाशिक जिल्ह्याचेच पाहावे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती देवळालीस झाली. सटाण्यास तशी झाली नाही. भाषेच्या दृष्टीने दोन्ही गावे त्यांना सारखीच परकी होती. भेद होता तो लष्करी छावणीचा. कल्याणजवळील लष्करी छावणीतही हेच घडले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तेथील विभाग आजही कॅम्पच्या क्रमांकांनी ओळखले जातात. तात्पर्य, ‘स्वाभाविक’ म्हटल्या जाणाऱ्या या वस्तीचा पाया शासनाच्या हाती असलेल्या रिकाम्या बराकींनी घातला.

यावर असा आक्षेप संभवतो की, निर्वासित तेथे का आले एवढेच यावरून कळते. ते तेथे का राहिले, हे कळत नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर कोल्हापूरजवळील वळिवडे येथे मिळते. १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची भाषा एक होती, शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. तरीही छावणी उठताच ते देशोदेशी पांगले. त्याच जागी सिंधी आले, ते राहिले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. पोलिश निर्वासितांना येथे उपजीविकेचे मूळ धरता आले नाही. सिंधी व्यापाऱ्यांना ते धरता आले. घरदार मागे टाकून आलेल्या व्यापाऱ्याजवळ गहाण ठेवण्यासारखे काही नसते. त्याची पत हेच त्याचे तारण, आणि ती पत ओळखणारे लोक शेजारीच असतात. शेजार सोडणे म्हणजे भांडवल सोडणे होय.

मग भाषेचे स्थान कोणते? आरंभी याच पतीची ती वाहक असते, हे नाकारता येत नाही. परंतु ती वस्तीचे मूळ कारण असती, तर भाषा क्षीण होताच वस्तीही विरळ व्हावयास हवी होती. तसे झालेले नाही. १९६७ साली सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. अरबी की देवनागरी, हा लिपीचा वादही दीर्घकाळ चालला. एवढ्यात नव्या पिढीच्या व्यवहारात हिंदी व इंग्रजी यांनी मोठी जागा घेतली. वस्ती राहिली, भाषा मात्र मागे सरली.

म्हणून वस्ती दाट आहे, तेव्हा भाषा सुरक्षित आहे, हा निष्कर्ष धोक्याचा ठरतो. सटाण्याच्या बाजारात अहिराणी सर्वत्र कानी पडते, पण मुलांच्या पाटीवर ती उमटत नाही. जेथे भाषिक आपल्याच भूमीत बहुसंख्य आहेत तेथे ही स्थिती असेल, तर निर्वासितांच्या भाषेचे रक्षण केवळ शेजारावर सोपवणे म्हणजे तिची उपेक्षाच करणे होय.