तीन कोटी शब्दांचा हिशेब

बालभाषेच्या अभ्यासात एखाद्या आकड्याला सिद्धान्ताची प्रतिष्ठा क्वचितच लाभते. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांच्या ‘मीनिंगफुल डिफरन्सेस’ (१९९५) या ग्रंथातून निघालेल्या ‘तीन कोटी शब्दां’ना मात्र ती लाभली. अमेरिकेतील दरिद्री घरातले मूल सुशिक्षित व्यावसायिकाच्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते आणि म्हणून त्याची भाषा खुरटते, असे या आकड्याचे प्रचलित तात्पर्य होय.

ग्रंथामागील परिश्रम मोठे आहेत, हे निर्विवाद. मूल सात ते नऊ महिन्यांचे असल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत निरीक्षक कॅन्सस सिटीतील ४२ घरांत दरमहा एक तास बसले. बालकाला उद्देशून उच्चारलेले शब्द व्यावसायिक घरांत तासाला सरासरी २,१५३, श्रमिक घरांत १,२५१ आणि सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या घरांत ६१६ भरले. परंतु या शेवटच्या वर्गात कुटुंबे होती अवघी सहा, आणि ती सर्व कृष्णवर्णीयांची. सहा घरांवरून एका वर्गाच्या वाणीविषयी निर्णय देणे धाडसाचे आहे. शिवाय परका मनुष्य ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन समोर बसला असता कोणती आई उत्साहाने बोलू लागेल आणि कोणती अवघडून गप्प राहील, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पुढील गणित तर अधिकच सैल आहे. आठवड्याला १०० तास जागेपणाचे धरून तासाचा फरक वर्षाला गुणला की सुमारे ८० लाख शब्द होतात. चार वर्षांचे ३ कोटी २० लाख. निरीक्षण मात्र तिसऱ्या वर्षीच थांबले होते. तरीही २००३ साली याच लेखकद्वयाने लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाच्या शीर्षकात तीन कोटींची तूट ‘वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत’ पडते असे म्हटले आहे. त्यांच्याच हिशेबाने ती तोवर २ कोटी ४० लाख भरते! जो आकडा धोरणे घडवतो, त्याच्याविषयी एवढी सैलता क्षम्य मानता येत नाही.

तथापि खरा वाद ‘उद्देशून’ या शब्दाचा आहे. मूल केवळ स्वतःशी झालेल्या संभाषणातूनच भाषा शिकते, हे येथे गृहीत धरलेले आहे. मराठी घरातील साधे उदाहरण घ्यावे. लहान मुलाशी सामान्यतः सर्वजण एकेरीत बोलतात; त्या एकट्याला कोणी ‘तुम्ही जेवलात का?’ असे आदराने विचारत नाही. ‘आजोबांना बसा म्हण’ अशी शिकवण अधूनमधून मिळते खरी. पण ती दोनचार वाक्यांपुरतीच. तरीही ‘आलात’, ‘घ्याल’, ‘असू द्या’ ही रूपे एका वडीलधाऱ्या व्यक्तीस लावावयाची आणि आईला मात्र ‘तू’च म्हणावयाचे, हा सूक्ष्म विवेक मूल आत्मसात करते. तो त्याने मिळवलेला असतो मोठ्यांच्या आपसांतील बोलण्यातून. २००१ साली अख्तर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांची मुले दुसऱ्यांशी चाललेल्या बोलण्यातूनही नवा शब्द उचलतात, असे प्रयोगाने दाखविलेच आहे.

विरुद्ध पुरावाही दुर्लक्षणीय नाही. वाइसलेडर आणि फर्नाल्ड यांना २०१३ साली स्पॅनिशभाषी २९ बालकांत शब्दसंपदेचा संबंध प्रत्यक्ष संबोधलेल्या वाणीशीच आढळला. कानावर पडलेल्या बोलण्याशी नाही. परंतु शब्दसंपदा म्हणजे भाषेचे सर्वस्व नव्हे, आणि वरील आदरार्थी विवेक शब्दगणनेत सापडणारच नाही. उलटपक्षी, स्पेरी दांपत्य व मिलर यांनी २०१८ साली पाच अमेरिकन समाजांतील ४२ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच आर्थिक वर्गातील घराघरांत मोठी तफावत दिसली. आसपासच्या माणसांचे बोलणे जमेस धरताच शब्दसंख्याही पुष्कळ वाढली.

या आकड्याने गरीब मातेच्या बोलण्यालाच उणीव ठरविले, ही त्याची गंभीर बाजू होय. त्याच्या प्रभावाखाली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराने मुलांच्या कपड्यांत शब्द मोजणारे यंत्र ठेवण्याची योजना आखली, आणि तिला २०१३ साली ब्लूमबर्ग पारितोषिक मिळाले. गंमत अशी की ते यंत्र मुलाजवळ बोलणाऱ्या प्रौढांचे शब्द मोजते. ते कोणाला उद्देशून होते, हे त्याला कळत नाही.