गळा तिचाच होता

‘प्रभात’च्या ‘कुंकू’ला (१९३७) पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, दाराच्या कड्या, रस्त्यावरचा गलबला, एवढ्यावरच व्ही. शांताराम यांनी अख्खा चित्रपट तोलला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीतली नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते आणि हे लग्न मानायलाच नकार देते. अशा कोंदट घरात गाणे आले, तर ते वेगळे काढून ऐकता येत नाही. ते त्या बाईच्या जगण्यातूनच यावे लागते. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी ते तसे आणले. लाँगफेलोची इंग्रजी कविता नऊवारीतली ही मुलगी गाते, तेव्हा शब्द परके असले तरी जिद्द तिची स्वतःची वाटते. रागाने बोलणारी नीरा आणि गाणारी नीरा यांच्या आवाजात फट नाही, कारण गळा एकच आहे.

गाणाऱ्या अभिनेत्रीची कला म्हणजे नेमके हेच. आज मराठी पडद्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि तिच्या जाण्याची आपण पुरेशी दखलही घेतलेली नाही.

शांता आपटे यांचा जन्म १९१६चा. पंढरपूरला गाण्याचे धडे घेऊन ही मुलगी भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मधून (१९३२) पडद्यावर आली. तिची खरी ओळख पटली ती ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४). सुरुवातीच्या बोलपटांत गाणे हा अभिनयातला खंड असे. कथा थांबायची, नट कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा, पद म्हणायचा आणि मग गोष्ट पुढे सरकायची. ध्वनिग्राहकाची मर्यादा हे त्यामागचे एक कारण, आणि संगीत नाटकाची सवय हे दुसरे. संगीतकार केशवराव भोळे यांनी शांताबाईंच्या गळ्याला साधी, अर्थाला चिकटून जाणारी चाल दिली, आणि शांताबाईंनी त्या चालीला डोळे, मान, हात दिले. तान घेताना तोंड वाकडे होणे, समेवर येण्यासाठी अंग आखडणे हे त्यांच्याकडे दिसत नाही. ओळीचा अर्थ आधी चेहऱ्यावर उमटतो आणि स्वर त्याच्या मागोमाग येतो. गळा त्यांच्याहून तयारीचा असणाऱ्या गायिका तेव्हाही होत्या. पण गाताना विचार करणारी बाई पडद्यावर दाखवणे, हे काम त्यांच्याइतके चोख फार थोड्या जणींनी केले.

ही ताकद एका भाषेपुरती नव्हती. ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये (१९४२) गुलाम हैदर यांच्या चालींवरही त्या तितक्याच मोकळेपणाने गायल्या. तरीही स्पष्ट सांगायला हवे की ‘प्रभात’ सुटल्यानंतर त्यांना नीरेच्या तोलाच्या भूमिका क्वचितच मिळाल्या. ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हा लक्षात राहणारा अपवाद. १९६४ साली त्या गेल्या, तेव्हा हिंदी-मराठी पडद्याची घडी पार बदलली होती.

शांताबाई नीरेसारख्याच पडद्याबाहेरही वागल्या. १९३९मध्ये कराराच्या वादावरून त्या ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक आले. नटीच्या कष्टांकडे आणि तिच्या कराराकडे काम करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहणारे असे लेखन त्या काळात दुर्मीळच. आपल्या आवाजाची आणि चेहऱ्याची किंमत ठरवताना आपल्यालाही विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९३५च्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायनाने पाय रोवले आणि हळूहळू चेहरा एकीचा, गळा दुसरीचा हा रिवाज झाला. याला नुकसानच म्हणणे अन्यायाचे होईल. ‘पहिली मंगळागौर’मध्ये (१९४२) लता मंगेशकर अभिनयही करत होत्या. त्या अभिनयातच अडकल्या असत्या, तर हिंदी-मराठी संगीताचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. गाता न येणाऱ्या उत्तम अभिनेत्रींनाही या सोयीने दार उघडले. चूक पुढे झाली. सोय होती तिचा नियम झाला, आणि गाता येणाऱ्या अभिनेत्रीलाही दुसरीच्या आवाजावर ओठ हलवणे भाग पडले. ‘मिर्झा गालिब’मध्ये (१९५४) सुरैया गालिबच्या गझला स्वतः गातात, तेव्हा शब्दाआधीचा श्वासही आपल्याला दिसतो. उसन्या गळ्यात नेमका तोच हरवतो.

मराठी रंगभूमीने ही कला जास्त जपली. ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार आणि अगदी २०२२पर्यंत आपल्यात असलेल्या कीर्ती शिलेदार यांनी गाणे आणि भूमिका एकाच देहात सांभाळली. प्रियांका बर्वे यांनी ‘मुघल-ए-आझम’ या नाटकात अनारकली साकारताना रंगमंचावर प्रत्यक्ष गाऊन दाखवले, म्हणजे नव्या पिढीत ही कुवत आहे. चित्रपटात केतकी माटेगावकर ‘टाइमपास’मध्ये (२०१४) आणि आर्या आंबेकर ‘ती सध्या काय करते’मध्ये (२०१७) आल्या आणि गायल्याही. पण या गाण्यांची घडण मुळात अल्बमच्या गाण्यांसारखी. स्टुडिओत घासूनपुसून तयार झालेला आवाज आणि पडद्यावरची मुलगी यांच्यात अंतर उरतेच. दोष त्या गायिकांचा नाही. त्यांच्या भूमिकांना गाण्याची गरजच नव्हती.

‘द डिसायपल’मध्ये (२०२०) चैतन्य ताम्हाणे यांनी मुख्य भूमिकांसाठी गाणारेच कलाकार घेतले आणि रियाजाचा थकवा, चुकलेला सूर, मैफलीतली भीती हे सारे खरे उतरले. त्याच चित्रपटातली थोर गायिका माई मात्र आपल्याला दिसत नाही. ध्वनिफितीवरचा तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. कथेच्या दृष्टीने ते अचूकच आहे. पण एखादी माई पडद्यावर दिसावी, गावी, चुकावी, असा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे.

तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. संवाद जागेवरच मुद्रित करणारे चित्रपट मराठीत होतात, मग गाणे का नको? गायिका घडवणाऱ्या स्पर्धा आपल्याकडे भरपूर आहेत, अभिनय शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. दोन्हींची सांगड घालणारे शिक्षण मात्र संगीत नाटकाच्या मोजक्या घराण्यांपलीकडे फारसे नाही. नाट्यशाळांनी ते द्यावे. आणि दिग्दर्शकांनी, भूमिका गाणाऱ्या बाईची असेल तर आधी गाणारी अभिनेत्री शोधावी, उसना गळा नंतर. सूर थोडा कमी तयारीचा निघाला तरी चालेल. माणूस पुरा उभा राहील.