माय

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेपुढे उभे राहावे. ‘माय’ ही हाक कानी पडतेच. पुणेरी कानाला ती गावंढळ वाटते. वस्तुतः संस्कृत ‘माता’, प्राकृत ‘माआ’ यांची ती सरळ वंशज! तेव्हा शहरात शिकून ‘आई’ म्हणू लागलेली लेक शुद्ध बोलू लागली, असे कोणी समजू नये.

मात्र व्युत्पत्तीचा उत्साहही आवरावा. लॅटिन ‘मातेर’ आपल्याच कुळातली खरी. पण ‘जगदंबे’तली ‘अंबा’ आणि तमिळ ‘अम्मा’ सारख्या दिसतात, तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप, अन् आपल्याकडे आईचा भाऊ! १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रोमान याकोबसन यांनी अशा शब्दांचे मूळ तान्ह्याच्या हुंकारात शोधले: दूध पिताना ओठ गुंतलेले, आवाज नाकातून निघतो, तोच ‘म’.