आर्केड फायर आणि लोकानुनयाचा प्रश्न

आर्केड फायरचा 2017 सालचा 'एव्हरीथिंग नाऊ' हा अल्बम अलीकडे पुन्हा सलग ऐकला, आणि त्याच्या कैवाऱ्यांकडून वारंवार पुढे केली जाणारी 'कलावंताने बदलूच नये काय?' ही सबब किती पोकळ आहे, याची नव्याने खात्री पटली. कोल्डप्ले किंवा ममफर्ड अँड सन्स यांच्या पॉपमार्गी स्थित्यंतराविषयी खेद करण्याचे प्रयोजन नाही. जेथे गमावण्याजोगे फारसे नव्हते, तेथे हानीही बेताचीच.

मॉन्ट्रिऑलच्या या मंडळींची गोष्ट निराळी. 2004 साली आलेला 'फ्युनरल' हा आप्तांच्या एकामागून एक झालेल्या मृत्यूंच्या छायेत सिद्ध झालेला अल्बम. त्यातील 'वेक अप' या गीताच्या आरंभी गिटार आणि ड्रम यांच्या आघातांवर सारा बँड एकमुखाने जो शब्दविरहित आलाप उचलतो, त्यातील कंठांच्या कडा कोणी घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या नाहीत, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा कंठही त्यात सहज मिसळतो. शेवटी लय एकाएकी पालटून थेट नाचरी होते, आणि शोकालाच पाय फुटल्याचा प्रत्यय येतो. श्रोत्याला सहभागी करून घेणारी ही समूहवृत्ती हीच या बँडची खरी सनद होती.

नृत्यतालाशी माझे वैर नाही. 'द सबर्ब्ज' (2010) मधील 'स्प्रॉल टू' या गीतात रेजीन शासान्य डिस्कोच्याच ठेक्यावर गाते. परंतु तेथे तो ठेका उपनगरांच्या निर्जीव विस्तारातून सुटू पाहणाऱ्या जिवाची तगमग वाहून नेतो. 'एव्हरीथिंग नाऊ'च्या शीर्षकगीतात डाफ्ट पंकच्या तोमा बँगाल्टेरच्या साहाय्याने आब्बाच्या वळणाचा झगझगीत पियानो येतो, आणि कॅमेरूनच्या फ्रान्सिस बेबे यांच्या रचनेतून घेतलेली बासरीची धून, जी या अल्बमातील सर्वांत सजीव गोष्ट आहे, तिला केवळ शोभेपुरती जागा मिळते. 'इन्फिनिट कंटेंट' तर एकदा पंक आणि लगोलग एकदा कंट्री अशा दोन वेषांत येते, तरी 'अतिरेकाने मन बधिर होते' या प्राथमिक विधानापलीकडे विचार तसूभरही सरकत नाही. सोबतच्या प्रसिद्धिमोहिमेत बँडने एक बनावट व्यापारी कंपनी उभी केली. उपभोगसंस्कृतीवर टीका करावयास निघालेल्यांनी तिचीच भाषा इतक्या हौसेने उचलावी, यात टीकेचा पराभव आहे.

याउलट मिनेसोटातील डुलुथचा लो हा बँड पाहा. 1994 च्या पहिल्या अल्बमापासून अतिमंद लय आणि ॲलन स्पारहॉक व मिमी पार्कर या दांपत्याचे जुळलेले स्वर ही त्यांची ओळख; आणि 2018 च्या 'डबल निगेटिव्ह'मध्ये त्यांनी नेमक्या याच ओळखीला हात घातला. 'कोरम' या पहिल्याच गीतात खरखरीच्या धडधडत्या लाटांखाली दोघांचे स्वर विरत जातात, कान टवकारून ते शोधावे लागतात, आणि जेव्हा 'फ्लाय'मध्ये पार्करचा कंठ त्या धुरळ्यातून वर येतो, तेव्हा त्याला लाभलेली कातरता पूर्वीच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणांतही नव्हती. आर्केड फायरपेक्षा कितीतरी मूलगामी असा हा बदल. परंतु तो श्रोत्याकडून अधिक मागतो, आणि जितके मागतो त्याहून अधिक देतो.

हीच कसोटी मला ग्राह्य वाटते. बदलाची दिशा पॉपकडे की पॉपपासून दूर, हा प्रश्न गौण. त्या बदलाने श्रोत्याची योग्यता वाढवून धरली की कमी लेखली, हा मुख्य. लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी सोपे व्हावे लागते, हा युक्तिवाद तर आर्केड फायरच्याच इतिहासाने खोडून काढला आहे. 'द सबर्ब्ज' मर्ज या लहानशा स्वतंत्र कंपनीमार्फत निघाला, तरी अमेरिकेत विक्रीच्या अग्रस्थानी पोहोचला, आणि 2011 साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमाचे ग्रॅमी पारितोषिक त्यालाच मिळाले. लोक आपण होऊन या बँडकडे चालत आले होते, आणि जड विषय, दीर्घ रचना, अनघड स्वर यांसह त्यांनी त्याला स्वीकारले होते. अशा श्रोत्यांना सुलभीकरणाची गरज आहे असे मानणे हा त्यांचा अवमान आहे, आणि त्या अवमानाला विकास म्हणणाऱ्या समीक्षकांनी कलावंताच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे करू नये. स्वातंत्र्य कलावंताला अवश्य असावे, परंतु त्याचा विनियोग कसा झाला हे विचारण्याचा हक्क श्रोत्याने कोणाच्याही हवाली केलेला नाही.